चान्स घेऊ नका, ऑपॉर्च्युनिटी घ्या!

अप्रेझलचा सीझन आला की ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'यार, मला एक चान्स तरी द्यायचा!' चहासोबत ते खपून जातं. पण तेच वाक्य इंग्रजी मेलमधून बॉसकडे गेलं की सूर बदलतो. 'प्लीज गिव्ह मी अ चान्स' म्हणजे चक्क विनवणी. त्याऐवजी 'आय वुड वेलकम द ऑपॉर्च्युनिटी टु लीड धिस प्रोजेक्ट' लिहा. मागणी तीच, पण आता तुम्ही तयारीचे वाटता.

हा फरक शब्दांच्या जन्मापासूनच आहे. 'चान्स'चं लॅटिन मूळ म्हणजे पडणं, म्हणजे फासे पडतात तसं. 'ऑपॉर्च्युनिटी'च्या मुळाशी आहे बंदराच्या दिशेने वाहणारा वारा. एकात नशीब, दुसऱ्यात अनुकूल वेळ. म्हणूनच पावसाचा चान्स असतो, ऑपॉर्च्युनिटी नसते. आणि 'टेक अ चान्स' म्हणजे संधी साधणं नव्हे, जोखीम पत्करणं. 'वी टुक अ चान्स ऑन यू' असं क्लायंटला कौतुकाने लिहाल, तर तो म्हणेल, म्हणजे मी जुगार होतो की काय? आभार मानायचे तर 'टेक धिस ऑपॉर्च्युनिटी'च हवं.

आपली पंचाईत होते कारण मराठीत बहुतेक वेळा एकट्या 'संधी'वर काम भागतं. 'ऑपॉर्च्युनिस्ट' मात्र सांभाळून. तो आपला 'संधिसाधू'च, त्यामुळे बायोडेटात त्याला नो एन्ट्री!

'स्कोप'चंही तसंच. 'या लाइनला स्कोप नाही' हे आपल्याकडच्या प्रत्येक काकांचं आवडतं वाक्य. बाहेरच्या इंग्रजीत स्कोप म्हणजे मुख्यतः आवाका किंवा वाव. करिअरबद्दल बोलताना 'प्रॉस्पेक्ट्स' म्हणा.

आता 'प्रेझेंट'. हजर असणं किंवा भेटवस्तू असेल तर जोर पहिल्या अक्षरावर, 'प्रेझंट'. सादर करायचं असेल तर जोर दुसऱ्यावर, 'प्रिझेंट'. मीटिंगमध्ये 'आय विल प्रेझंट द रिपोर्ट' म्हणालात तर ऐकणारा क्षणभर अडखळतो. स्वतःची ओळख करून देताना मात्र 'इंट्रोड्यूस'. आणि ते 'मायसेल्फ अमुक तमुक' आता रिटायर करा, साधं 'आय अ‍ॅम' पुरतं. गंमत म्हणजे 1987 साली बाजारात आलेल्या पॉवरपॉइंटचं आधीचं नाव 'प्रेझेंटर' होतं. ट्रेडमार्कच्या अडचणीमुळे ते बदलावं लागलं.

'प्रेझेंटली' तर पक्का डबलरोल. जुन्या वळणाच्या ब्रिटिश इंग्रजीत त्याचा अर्थ 'थोड्या वेळात', अमेरिकेत 'सध्या'. डेडलाइनच्या मेलमध्ये तो टाळा, 'सून' किंवा 'करंटली' लिहा.

हे सगळं कशासाठी? कारण मराठी मीडियममधून आलेली कितीतरी हुशार मंडळी मीटिंगमध्ये अ‍ॅक्सेंटच्या भीतीने गप्प बसतात आणि त्यांच्याच आयडिया दुसरं कुणीतरी मांडून जातं. अ‍ॅक्सेंट राहू द्या, तो कुणाचं काही बिघडवत नाही. नेमका शब्द मात्र लागतो, आणि तो शिकायला क्लास लावावा लागत नाही. पुढच्या मीटिंगआधी एकच करा. पहिली दोन वाक्यं कागदावर लिहा, मोठ्याने म्हणा आणि बिनधास्त हात वर करा.