पंचाहत्तर रुपयांचा प्रश्न

‘साधी राहणी, उच्च विचारसरणी’ हे वाक्य महाराष्ट्रातील असंख्य शाळांच्या फळ्यांवर सुविचार म्हणून आजवर लिहिले गेले असेल. ते लिहिणाऱ्या शिक्षकाला आणि वहीत उतरवून घेणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचा अर्थ नेमका किती रुपये होतो, असा प्रश्न सहसा पडत नाही. उपदेश आकड्यावाचून केला की तो करणाऱ्यालाही सोपा जातो व ऐकणाऱ्यालाही. परंतु शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पुण्यातील काही पदवीधरांनी या वाक्याला एक आकडा जोडला होता. तो आकडा दरमहा ७५ रुपये हा होय.

१८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकर व टिळक यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. आगरकर एम.ए. होऊन लवकरच त्यांना येऊन मिळाले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी फर्गसन कॉलेज सुरू झाले. संस्थेच्या आजीव सभासदाने वीस वर्षे सेवा करावी, अल्प वेतन घ्यावे आणि आपली सारी शक्ती शिक्षणकार्याला द्यावी, असा तो संकल्प होता. गोपाळ कृष्ण गोखले याच अटीवर आले आणि १९०२ साली बाहेर पडले. १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्यापुढे मोठ्या वेतनाचे मार्ग मोकळे होते. तरीही ते परत आले ते या पंचाहत्तर रुपयांवरच.

या कथेकडे त्यागाची कथा म्हणून पाहण्याची आपल्याला सवय लागली आहे. त्यागाला हार घातला की त्याचे अनुकरण करण्याची जबाबदारी उरत नाही, हा त्यातला सोयीचा भाग! वस्तुतः त्या मंडळींनी केले ते अधिक व्यवहारी होते. ‘किती मिळवावे?’ हा प्रश्न त्यांनी तरुणपणीच एकदा निकालात काढला. ज्याचे उत्तर रोज नव्याने शोधावे लागते, तो प्रश्न माणसाचे सकाळ-संध्याकाळचे सारे तास खातो. तो संपला म्हणजे तास मोकळे होतात. १८८८ साली ‘सुधारक’ निघाला तो अशा मोकळ्या झालेल्या तासांतून. दम्याने जर्जर झालेल्या आगरकरांनी वर्गातील अध्यापन सांभाळून समाजाशी जे वैर पत्करले, त्याला लागणारी निश्चिंतता पैशाची खचित नव्हती.

मात्र हा निकाल कायमचा टिकला, असेही नाही. काही वर्षांतच वेतनवाढीचा आणि बाहेरच्या कामांचा वाद उभा राहिला. टिळकांचा आग्रह जेझुइट पाद्र्यांच्या धर्तीचा होता. निर्वाहापुरते घ्यावे, संस्थेबाहेर दुसरा व्याप ठेवू नये, आणि अधिक काही मिळालेच तर ते संस्थेचे मानावे. आगरकर आदींना हे मान्य नव्हते. कुटुंबे वाढली होती आणि वाढत्या गरजांकडे डोळेझाक करणे त्यांना अन्यायाचे वाटत होते. १८९० साली गोखले सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले तेव्हा वाद विकोपाला गेला व त्याच वर्षाच्या अखेरीस टिळकांनी राजीनामा दिला. पुढे त्याच टिळकांनी वकिलीचे वर्ग चालविले, लातूरला सरकीच्या गिरणीत भागीदारीही केली. यात विसंगती शोधणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मिळकतीला त्यांचा विरोध नव्हता. एकदा वाहून घेतलेल्या कामाची शक्ती परस्पर दुसरीकडे वळू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

या वादात कोण बरोबर होते, याचा निवाडा आज करण्याचे कारण नाही. परंतु वादाचा विषय मात्र आज घरोघर जिवंत आहे. शाळा सुटल्यावर खाजगी क्लासच्या दोन-तीन तुकड्या आटोपून रात्री घरी परतणारा शिक्षक, किंवा कचेरीतून निघून विम्याची कामे करीत फिरणारा कारकून, हे लोभी म्हणून असे वागतात असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. घराचा हप्ता आहे, त्याच्या जोडीला वाहनाचा आहे, मुलीच्या लग्नासाठी पतपेढीचे कर्ज काढलेले आहे. यांपैकी प्रत्येक खर्च एकेकटा पाहिला तर योग्यच दिसतो. सारे मिळून मात्र अशी स्थिती होते की, ज्या मुलांसाठी हे चालले आहे त्यांच्याशी बोलायला वेळ नाही आणि ज्या विषयाच्या ओढीने हा मनुष्य शिक्षक झाला त्या विषयातले नवे पुस्तक त्याने कित्येक वर्षांत उघडलेले नाही. चार जणांना बोलावून नोंदणी पद्धतीने मुलीचे लग्न लावण्याचे धैर्य ज्या घराने दाखवले, त्याने केवळ काही लाख वाचवले नाहीत. बापाच्या आयुष्यातील संध्याकाळच्या कित्येक वर्षांची सोडवणूक केली. हा हिशेब कोणत्याही लग्नपत्रिकेत छापलेला नसतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. साधेपणाचा उपदेश वरून खाली होऊ लागला की त्याचे रूप पालटते. २००० साली राज्यात शिक्षणसेवकांची पद्धत आली तेव्हा प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन दरमहा ३,००० रुपये होते. ‘सेवक’ हा शब्द मोठा सोज्वळ, पण ती सेवा त्या तरुणाने मागितलेली नव्हती. विनाअनुदानित शाळांत वर्षानुवर्षे पगाराची वाट पाहणारे आणि महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर राबणारे यांना आगरकरांचे दाखले देणे ही क्रूर थट्टा होय. फर्गसनच्या आजीव सभासदांना संस्थेच्या कारभारात मत होते. आपले वेतन आपणच ठरविणारी ती मंडळी होती. जेथे ठरविणारा एक आणि अर्धपोटी राहणारा दुसरा, तेथे जे असते त्याला काटकसर म्हणता येईल, साधी राहणी नव्हे.

आणि ठरविणारा एक, सोसणारा दुसरा हे घरातही घडते. १८९१ साली टिळकांच्या जाण्याने रिकाम्या झालेल्या गणिताच्या जागेवर धोंडो केशव कर्वे आले. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. पुढे आश्रम हिंगण्याला गेल्यावर कॉलेजचे काम संपवून चिखल तुडवीत ते वर्षानुवर्षे तेथे पायी जात राहिले. पगारातले वाचवलेले आश्रमाला दिलेच, विम्याची पॉलिसीही आश्रमाकडे वळवली. महर्षींच्या चरित्रात हा प्रसंग तेजस्वी दिसतो. परंतु आनंदीबाई कर्वे यांचे ‘माझे पुराण’ उघडले की तोच संसार दुसऱ्या बाजूने दिसू लागतो. मुलाबाळांच्या पोटापाण्याची काळजी त्या पानांत आहे. नवऱ्याने सारे देऊन टाकल्याचा सरळ, न झाकलेला रोषही आहे. बायांनी नागपूरला जाऊन सुईणीचे शिक्षण घेतले होते. घरखर्चाला हातभार लागला तो त्या शिक्षणाचा. आणि त्याच बाया पुढे झोळी घेऊन आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत हिंडल्या.