पायाचा अर्ज, यंत्राची मंजुरी

जुन्या ॲम्बॅसडर वा प्रीमियर पद्मिनी गाडीत चालकाने ॲक्सिलरेटर दाबला की तारेच्या अथवा दांड्याच्या ओढीने कार्ब्युरेटरमधील झडप तत्क्षणी उघडे, आणि पाय व इंजिन यांच्यामध्ये अन्य कोणाचाही अंमल नसे. आज गोंदियाच्या रस्त्यांवर एमएच ३५ क्रमांकाने धावणाऱ्या नव्या पेट्रोल मोटारींत ती तार उरलेली नाही. पाय केवळ अर्ज करतो, त्याची छाननी करून हुकूम काढण्याचा अखत्यार इंजिनाच्या संगणकाकडे गेला आहे.

पेडलपाशी एक नव्हे, दोन सेन्सर असतात, आणि अनेक गाड्यांत एकाचा विद्युतदाब दुसऱ्याच्या निम्मा ठेवलेला असतो, म्हणजे दोघांच्या जबानीत तफावत पडताच ती संगणकाच्या ध्यानात यावी. हुकूम सुटल्यावर थ्रॉटल बॉडीतील लहानशी मोटर दातेरी चाकांच्या साहाय्याने झडप फिरवते. ती खरोखर किती फिरली याची साक्ष आणखी दोन सेन्सर देतात. साक्षी जुळल्या नाहीत तर मोटरचा वीजपुरवठा तोडला जातो, आणि स्प्रिंगा झडपेला किंचित उघडी ठेवतात, जेणेकरून देवरीच्या जंगलपट्ट्यातही गाडी मंदगतीने का होईना, मुक्कामी पोहोचावी. स्वतःच्याच ज्ञानेंद्रियांची फेरतपासणी अखंड करीत राहणारी ही व्यवस्था मला आधुनिक यंत्रशास्त्रातील अत्यंत उदात्त रचनांपैकी वाटते.

तिचा उपयोग रोवणीच्या दिवसांत प्रत्यक्ष दिसतो. बांध्यांतून निघालेल्या ट्रॅक्टरांनी आमगाव रस्त्यावर पसरलेल्या चिखलात चाक जागच्या जागी फिरू लागले, तर ट्रॅक्शन कंट्रोल असलेल्या गाडीत पाय दाबलेला असतानाही संगणक झडप मिटवून इंजिनाचा जोर उतरवतो.

तरीही लोकांच्या मनात धास्ती आहे, आणि ती अगदीच निराधार म्हणता येत नाही. टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात अशी ओरड २००९-१० मध्ये अमेरिकेत झाली. परंतु नासाच्या अभियंत्यांनी सुमारे दहा महिने केलेल्या तपासात तसा वेग निर्माण करणारा इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही, असे फेब्रुवारी २०११ मध्ये जाहीर झाले. निश्चित झालेली कारणे होती पेडलला अडकणारी मॅट आणि चिकटून राहणारे पेडल. एका मॅटवर दुसरी जाड मॅट अंथरण्याची आपल्याकडील रीत म्हणूनच तत्काळ सोडावी.

फुलचूरकडील एका गॅरेजात उघडलेली थ्रॉटल बॉडी मी न्याहाळली : नळी स्वच्छ, परंतु तबकडीच्या कडेला काजळीचे दाट कडे. मिस्त्री म्हणाले, "भाऊ, बोटानं ढकलू नका, आतले गिअर प्लॅस्टिकचे आहेत." काजळी काढल्यावर अनेक गाड्यांत संगणकाला स्वच्छ झडपेची नवी ओळख स्कॅनरने करून द्यावी लागते, एरवी आयडलिंग चढलेले राहते. हे ज्ञान आणि ते उपकरण तिरोडा-सालेकशाच्या लहान मिस्त्र्यांपर्यंत रास्त दरात पोहोचविण्याची जबाबदारी उत्पादकांनी आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी उचलावी, असे माझे आग्रहाचे मागणे आहे. अन्यथा एवढ्याशा कामासाठी ग्राहकाला नागपूरची वाट धरावी लागते.