ड्रॅगन फ्रूटची छाटणी : फाटे मोजावेत की फळे?

फळझाड लावण्यास द्रव्य लागते व वाढविण्यास श्रम लागतात. परंतु वाढलेले झाड आपल्याच हाताने छाटण्यास जो मनाचा निग्रह लागतो, तो या दोहोंहून दुर्मिळ आहे. ड्रॅगन फ्रूट या नव्या पिकाच्या बाबतीत आपल्या भोर-वेल्ह्याकडील बागवाल्यांची अडचण नेमकी येथेच आहे, असे माझे मत झाले असून ते वाचकांपुढे विचारार्थ ठेवीत आहे.

भाटघरचे मोठे धरण १९२७-२८ साली पुरे झाले. तेव्हापासून वेळवंडीचे अडविलेले पाणी नीरेच्या कालव्यांतून बारामती, इंदापूर व फलटणकडील उसास मिळत आले आहे. काठच्या आपल्या गावांकडे मात्र भाताची खाचरे बेताची व डोंगरउताराची वरकस जमीन पुष्कळ, असा प्रकार राहिला. अशा मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीवर थोड्या पाण्यात तगणारे फळ म्हणून लोकांची दृष्टी या पिकाकडे वळली, यात नवल नाही. हे झाड मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेतील, निवडुंगाच्या कुळातले आणि आधारावर चढणारे. गुजरात सरकारने जानेवारी २०२१ मध्ये त्यास ‘कमलम’ असे नाव दिले. त्याच वर्षी जून महिन्यात सांगली जिल्ह्यातील तडसर गावची फळे दुबईस रवाना झाली. बारामतीजवळ माळेगाव येथील केंद्र सरकारच्या अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने या पिकावर पुष्कळ काम केले आहे. सबब पीक फसवे आहे असे कोणी समजू नये. चुकतो तो आपला हिशेब.

माझी सारी नोकरी महसूल खात्याच्या दप्तरात गेली. सात-बाराच्या उताऱ्यावर पिकाचे क्षेत्र लिहितात. झाडाची निगा कशी राखली आहे हे लिहिण्यास त्यात रकाना नाही. अनुदानाचीही रीत तीच. २०२१-२२ च्या सुमारास सरकारने या लागवडीस हेक्टरी ४ लाख रुपये खर्च धरून त्याच्या ४० टक्के, म्हणजे १ लाख ६० हजार रुपये, तीन वर्षांत देण्याचे ठरविले. त्यातही पाहावयाचे ते झाडे जिवंत आहेत की नाहीत एवढेच. सरकारने आपल्या सोयीची मोजणी करावी, हे योग्यच आहे. परंतु धन्यानेही तीच मोजणी पुरेशी मानावी, हे घातक होय. खांबावर हिरवा डोलारा दिसला म्हणजे बाग उत्तम, आणि जितके फाटे तितकी फळे, अशी समजूत होऊन बसते.

ही समजूत झाडाच्या स्वभावाविरुद्ध आहे. या झाडास फूल येते ते मागील हंगामात वाढून जून झालेल्या व ज्यास उजेड मिळतो अशा फाट्यावर. गर्दीत दडपलेला आतला फाटा अन्न खातो, फळ देत नाही. पावसात त्या गर्दीत ओल कोंडते, वारा खेळत नाही, आणि खोडावर तांबूस ठिपके पडून पुढे खडबडीत खपल्या धरणारा रोग तेथेच प्रथम घर करतो. वेल्ह्याकडील पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांस हे अधिक सांगावयास नको. शिवाय तीन-चार वर्षांच्या झाडाचा भार थोडा नसतो. न छाटलेल्या ओझ्याने वरचे कडे मोडून खांब कलले, म्हणजे लागवडीतील सर्वांत महाग वस्तूच नासते.

म्हणून पहिल्या वर्षी प्रत्येक कलमाचा एकच जोमदार कोंब ठेवावा, तो खांबास सैल बांधून वर न्यावा व मधले धुमारे खुडून टाकावेत. कोंब कड्याच्या वर गेला की त्याचा शेंडा मारावा, म्हणजे फाटे फुटून छत्रीसारखे चोहोबाजूंस लोंबू लागतात. पुढे दरसाल फळे संपल्यावर रोगट, मोडके, जमिनीस टेकलेले, आत अडकलेले आणि अनेक बहर देऊन थकलेले फाटे सांध्यापाशी कापून काढावेत. किती ठेवावेत याचा आकडा पाठ करण्यापेक्षा खांबाशेजारी उभे राहून आत पाहावे. उजेडाचे कवडसे दिसत असले आणि हात सहज फिरत असला, तर छाटणी पुरेशी झाली.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. द्राक्षाची एप्रिलची खरड छाटणी व ऑक्टोबरची फळछाटणी ज्यांनी पाहिली आहे, ते तीच पद्धत येथे लावू पाहतात. द्राक्षाचा घड छाटणीनंतर फुटणाऱ्या नव्या काडीवर येतो. या झाडाचे फळ जुनावलेल्या फाट्यावर येते. द्राक्षाप्रमाणे सारे बोडके केले तर पुढील हंगाम गेलाच म्हणावा. शिवाय वरचे छत्र नाहीसे झाल्याने चैत्र-वैशाखाचे ऊन खोडास पिवळे पाडून भाजते. थोडे काढावे, परंतु दरवर्षी काढावे, हाच नियम.

वेळेविषयी आपल्याकडे खरी पंचाईत आहे. फळे कार्तिकाच्या सुमारास संपतात आणि त्याच वेळी भाताची कापणी व झोडणी येते. मजूर भाताकडे जातो, छाटणी लांबते, आणि शेवटी ती उन्हाळ्यात किंवा वळवाच्या पावसानंतर उरकली जाते. दोन्ही वेळा वाईट. भाताचे काम आटोपताच, मार्गशीर्ष-पौषातील कोरड्या दिवसांत छाटणी संपविली पाहिजे. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना कात्री स्पिरिटने पुसावी, आणि कापलेल्या जागी मोरचूद व चुना यांचे बोर्डो मलम लावावे.

काही मंडळी म्हणतात की फाटे राखून ठेवले तर ते कलमे म्हणून विकता येतात, व खांबांचा खर्च भरून निघतो. एखाद-दुसरे वर्ष हे खरेही ठरेल. परंतु शेजारच्या प्रत्येक बांधावर ही लागवड झाल्यावर कलमे घेणार कोण? तेव्हा जो फळ पिकवील तोच टिकेल. शिवाय छाटलेला रोगट फाटा पाहुण्यारावळ्यांस भिडेखातर देण्याची जी चाल पडत आहे, ती तर सर्वथा बंद झाली पाहिजे. एका बागेचा रोग दहा गावी नेण्याची ती खात्रीची वाट आहे. रोगट फाटा जाळावा किंवा खोल पुरावा. निरोगीच तेवढा द्यावा.

भाताच्या राबासाठी ऐन-किंजळीच्या फांद्या तोडताना आपल्या मावळच्या शेतकऱ्याचा हात कधी कचरला नाही, कारण त्यातून पुढे रोप उभे राहते हे त्यास ठाऊक असते. येथे तो कचरतो, कारण या झाडास कर्जाचे पैसे लागले आहेत. परंतु ज्यास पैसे लागले त्याचीच छाटणी अधिक निगुतीने व्हावयास हवी. आपल्याकडे इर्जिकीची चाल जुनी आहे. प्रत्येक गावातील दोन होतकरू तरुणांनी छाटणीचे शिक्षण घेऊन यावे, आणि पौष महिन्यात साऱ्या गावाने आळीपाळीने एकमेकांच्या बागा छाटाव्यात. मजुरीचा प्रश्न सुटेल, शिवाय आपले झाड कापताना जो हात अडखळतो, तो शेजाऱ्याच्या झाडावर अडखळणार नाही. बागवाल्यांनी याचा येत्या हंगामापूर्वी विचार करावा, एवढीच विनंती.

— एक निवृत्त महसूल कारकून, भाटघर