बिनपगारी पुनर्वसन

दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन येतो आणि जिल्ह्याच्या ठिकाणी निधिसंकलनाचा समारंभ होतो. वीरमाता आणि वीरपत्नींना शाल-श्रीफळ दिले जाते, युद्धात जायबंदी झालेल्या जवानांचा गौरव होतो आणि जवानाच्या पाठीशी त्याचे कुटुंब खंबीरपणे उभे असल्याचा उल्लेख बहुतेक प्रत्येक भाषणात येतो. धाराशिवला यापेक्षा वेगळे काही होण्याचे कारण नाही. उल्लेख खरा आहे, आणि नेमका म्हणूनच तो संतापजनक आहे. जे कुटुंब पाठीशी उभे आहे, ते कशाच्या बळावर उभे आहे, त्यासाठी त्याने काय सोडले आणि त्याच्या श्रमाची किंमत कोणी चुकती केली, हे प्रश्न त्या व्यासपीठावर कधी विचारले जात नाहीत.

विकलांग सैनिकाला पुन्हा कामाला लावण्याचा विचार आपल्याकडे पहिल्या महायुद्धात आला. १९१७ साली मुंबईत त्यासाठी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. ती पुढे खडकीला गेली. १९४४ साली पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले. कण्याला इजा होऊन कमरेखालचे शरीर लुळे पडलेल्या जवानांसाठी १९७४ साली खडकीलाच पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर सुरू झाले. या संस्थांच्या कार्याबद्दल आदरच बाळगला पाहिजे. तथापि त्यांच्या मुळाशी असलेली कल्पना तपासून पाहण्याची वेळ केव्हाच येऊन गेली आहे. कल्पना अशी की, पुनर्वसन एका माणसाचे करायचे असते. त्याला अवयव द्यावा, हाताला कसब द्यावे, प्रमाणपत्र द्यावे. पुढे तो कारखान्याच्या किंवा कचेरीच्या दारात उभा राहील आणि घर चालवील. हा हिशेब ज्या गावात कारखाना आहे, त्या गावाचा आहे.

मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १९६५ च्या युद्धात जखमी झालेल्या या जवानाने १९७२ साली हायडेलबर्गला जलतरणात भारताला पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले. सरकारला त्यांची आठवण २०१८ साली पद्मश्रीच्या निमित्ताने झाली आणि २०२४ साली त्यांच्यावर चित्रपटही निघाला. त्यांच्या जिद्दीपुढे नतमस्तक व्हावे. पण या कथेतली एक साधी गोष्ट टाळ्यांच्या गजरात ऐकू येत नाही: त्यांना पुण्यात टेल्कोची नोकरी मिळाली. जिद्द भूम-परंड्यातही कमी नाही. तेथे टेल्को नाही.

नीती आयोगाने २०१८ साली देशातील मागास जिल्ह्यांची जी यादी केली, तीत महाराष्ट्राचे चार जिल्हे होते आणि तेव्हाचा उस्मानाबाद त्यांतला एक होता. केंद्रीय सार्वजनिक उद्योगांत आणि राष्ट्रीयीकृत बँकांत कनिष्ठ श्रेणीच्या साडेचार टक्के जागा विकलांग माजी सैनिक व हुतात्म्यांचे वारस यांच्यासाठी राखीव आहेत. राखीव जागा हवीच. पण बँकांच्या शाखा सोडल्या, तर या जिल्ह्यात ती टक्केवारी लागू करायला उद्योग कोठे आहे? शिवाय हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाचा. इंग्रजांच्या सैन्यभरतीची परंपरा सातारा-कोल्हापूरकडे जशी रुजली, तशी येथे रुजली नाही. साताऱ्याकडच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात जायबंदी जवान परतला, तर कोणता अर्ज कोठे करायचा हे सांगणारे चार निवृत्त सुभेदार शेजारी असतात. वाशी किंवा लोहारा तालुक्यातल्या खेड्यात तो बहुधा एकटा असतो, आणि त्याचे घरही एकटे असते.

त्या घराचा हिशेब अर्थशास्त्राच्या साध्या रीतीने मांडून पाहावा. समजा, तीन-चार एकर कोरडवाहू जमीन आहे. खरिपात सोयाबीन, रब्बीत ज्वारी. जवानाचा पगार येत होता, तेव्हा त्याची पत्नी शेत सांभाळून दुसऱ्याच्या बांधावर खुरपणीलाही जात होती. जवान मांडीपासून एक पाय गमावून परत आला. निवृत्तिवेतन सुरू झाले, हे मान्य. पण तिची खुरपणी सुटली, कारण त्याला उठवणे-बसवणे, जखम धुणे, दवाखान्यात नेणे हे कोणी तरी करायचे. सासूने स्वयंपाक उचलला. थोरली मुलगी शाळेतून आली की निवृत्तिवेतनाच्या संगणकीय कागदपत्रांसाठी तालुक्याला जाऊ लागली. पुढे प्रशिक्षणाचे बोलावणे आले ते अडीचशे किलोमीटरवरच्या पुण्याहून. तो गेला, तर शेत आणि पोरे तिने एकटीने पाहायची. तो न गेला, तर कागदावर शेरा पडणार की लाभार्थी इच्छुक नाही. या शेऱ्याइतके खोटे वाक्य सरकारी दप्तरात क्वचित सापडेल. इच्छा असते, घरातला दुसरा माणूस मोकळा नसतो.

शुश्रूषेच्या या श्रमाला सरकार मुळीच ओळखत नाही, असे नाही. अपंगत्व १०० टक्के ठरले आणि वैद्यकीय मंडळाने सतत परिचारक लागतो असे लिहिले, तर भत्ता मिळतो. १ जुलै २०१७ पासून तो दरमहा ६,७५० रुपये झाला. महागाई भत्त्याबरोबर तो टप्प्याटप्प्याने वाढतो. ६,७५० म्हणजे दिवसाला २२५. त्याच वर्षी महाराष्ट्रात केंद्रीय रोजगार हमीवर मातीकाम करणाऱ्या मजुराला दिवसाचे २०१ रुपये ठरले होते, आणि त्याचा दिवस संध्याकाळी संपत होता. ‘सतत’ या शब्दाचा अर्थ मात्र चोवीस तास असा आहे. म्हणजे तासाला साडेनऊ रुपयेसुद्धा नाहीत! आणि हे १०० टक्केवाल्याचे. ज्याचे अपंगत्व ७० किंवा ८० टक्के ठरले, त्याच्या घरच्या परिचारिकेची किंमत शून्य. मंडळाच्या लेखणीने वीस-तीस टक्के कमी लिहिले म्हणून रात्री त्याला पाणी देणारा हात वीस-तीस टक्के कमी उठतो काय?

२०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाचा बिनपगारी घरकामाचा वेळ सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुषांचा ९७ मिनिटे भरला. शुश्रूषा त्यात धरलेली नाही, ती वेगळी. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात यातले काहीच येत नाही. सैनिकाच्या पुनर्वसनाचा कार्यक्रम या न मोजलेल्या श्रमावर उभा आहे आणि यशाचा अहवाल मात्र खात्याच्या नावावर जमा होतो. ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ आला. हिशेबाची वही तीच राहिली.

यावर पहिला आक्षेप संस्कृतीच्या नावाने येतो. पत्नीची सेवा हा तिचा धर्म आहे, तिला मजुरी देणे म्हणजे प्रेमाचा बाजार मांडणे. हा आक्षेप घेणाऱ्यांनी जवानाच्या देशप्रेमाचा विचार करावा. त्याला पगार मिळतो म्हणून त्याचे शौर्य बाजारी ठरत नाही. मग तिच्याच प्रेमाला उपाशी राहण्याची अट का? खुद्द भांडवलशाहीचे माहेरघर असलेल्या अमेरिकेने २०१० साली कायदा करून गंभीर जखमी माजी सैनिकांची शुश्रूषा करणाऱ्या घरच्या माणसाला मासिक मानधन सुरू केले. तेथे त्याने कुटुंबसंस्था कोसळली नाही. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही अधिक साहाय्याची गरज असलेल्यांसाठी परिचारक भत्त्याचा उल्लेख आहेच. तेव्हा तत्त्व मान्य झालेले आहे. अडले आहे ते तिजोरीपाशी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो समाजवाद्यांच्या घरातूनच येतो. सैनिकाला निदान निवृत्तिवेतन आहे. मळणी यंत्रात हात गेलेल्या कळंबच्या शेतमजुराला काय आहे? ऊसतोडीच्या फडावर बैलगाडीखाली पाय चिरडलेल्या बाईला काय आहे? प्रश्न बिनतोड आहे. पण त्यातून निष्कर्ष सैनिकाच्या घरचा भत्ता नाकारण्याचा निघत नाही. ज्याच्या बाबतीत सरकार आपली जबाबदारी नाकारू शकत नाही, त्याच्या दारात एकदा हे तत्त्व पक्के करून घेतले की शेतमजुराच्या दारापर्यंत ते नेण्याची लढाई सोपी होते. रोजगार हमी अशीच आली. १९७२ च्या दुष्काळातल्या कामांवर जे रेट्याने मिळवले, ते १९७७ साली राज्याच्या कायद्यात आले आणि पुढे २००५ साली देशाच्या कायद्यात.

कुटुंब हे एकक धरून पुनर्वसन करणे प्रशासनाला जमत नाही, हेही खरे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर याच जिल्ह्याच्या उमरगा-लोहारा पट्ट्यात घरे वाटली गेली ती कुटुंबे मोजूनच. (भूमिहीन व अल्पभूधारकाला २५० चौरस फूट आणि मोठ्या जमीनदाराला ७५०, हा न्याय कोणत्या देवतेने शिकवला, हा वेगळा विषय.) घर पडले तेव्हा कुटुंब दिसले, माणूस पडला तेव्हा ते दिसेनासे का व्हावे?

यापुढे प्रश्न आणखी बिकट होणार आहे. २०२२ साली आलेल्या अग्निपथ योजनेत जायबंदी होणाऱ्या अग्निवीराला निवृत्तिवेतन नाही. अपंगत्व १००, ७५ किंवा ५० टक्के असेल त्याप्रमाणे ४४, २५ किंवा १५ लाख रुपये एकरकमी, न बजावलेल्या सेवेचा पगार आणि सेवानिधी, एवढे देऊन सरकार हात झटकते. पंचविशीच्या आतल्या मुलाची उरलेली चाळीस-पन्नास वर्षे त्या रकमेत बसवायची, आणि त्याच्या आईची तर रकमेतसुद्धा गणती नाही.

मागण्या अवघड नाहीत. परिचारक भत्त्याची अट ५० टक्के अपंगत्वापर्यंत खाली आणावी, त्याचा दर किमान वेतनाशी बांधावा आणि तो शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीच्या खात्यात जमा व्हावा. प्रशिक्षण पुण्याला न बोलावता जिल्ह्यातल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत द्यावे. त्या काळात घरच्या माणसाची बुडालेली मजुरी भरून द्यावी. आणि जवानाबरोबर त्याच्या पत्नीलाही, तिची इच्छा असेल तर, तेच किंवा दुसरे कसब शिकण्याची जागा ठेवावी. येत्या ७ डिसेंबरला निधीचे उद्दिष्ट नेहमीप्रमाणे जाहीर होईलच. जिल्ह्यातल्या किती घरांत जायबंदी जवानासाठी कोणी मजुरी सोडली, कोणी शाळा सोडली, हा आकडाही त्याच व्यासपीठावरून जाहीर व्हावा. तो सैनिक कल्याण कार्यालयाने गावोगाव जाऊन गोळा करावा. तालुके आठच आहेत.