प्रिंटर एका टेबलाचा नको, शाळेचा हवा



निकाल लागला की राणीसावरगावसारख्या गावातल्या शाळांत दाखल्यांची धावपळ सुरू होते. कुणाला बोनाफाईड हवं, कुणाला शाळा सोडल्याचा दाखला. माहिती संगणकात तयार असते. पण प्रिंटर वायरने एकाच संगणकाला जोडलेला, आणि ती खोली कुलपात! मग पालकाला सांगितलं जातं, "उद्या या." त्या उद्यापायी त्याची एक दिवसाची मजुरी बुडते.

माझं म्हणणं इतकंच, की नवा प्रिंटर मागण्याआधी आहे तो नेटवर्कवर नीट लावा.

हे तंत्र नवं नाही. आयबीएमने १९८८ मध्ये एएस/४०० हा मध्यम आकाराचा व्यावसायिक संगणक आणला. बँका, कारखाने त्यावर हिशेब ठेवत. संगणक एकीकडे, प्रिंटर दूरच्या शाखेत. तिथे छापायची फाइल आधी 'आउटपुट क्यू'मध्ये, म्हणजे रांगेत लागते. रांगेला दूरच्या प्रिंटरचा आयपी पत्ता दिलेला असतो. 'रिमोट रायटर' हा प्रोग्राम एकेक फाइल उचलून तिकडे पाठवतो. प्रिंटर बंद असला तर फाइल रांगेतच थांबते. या संगणकाची अक्षरं साठवण्याची पद्धत साध्या प्रिंटरला कळत नाही, म्हणून 'होस्ट प्रिंट ट्रान्सफॉर्म' चालू करावं लागतं. नाहीतर कागदावर भलतंच उमटतं.

पत्ता, रांग आणि अक्षरं, हे तिन्ही धडे शाळेलाही लागू पडतात.

१. पत्ता : राउटरमध्ये प्रिंटरसाठी एक आयपी पत्ता राखून ठेवा. नाहीतर वीज जाऊन आली की पत्ता बदलू शकतो आणि "काल तर चालत होता" सुरू होतं.

२. रांग : प्रिंट आली नाही म्हणून पाचदा बटण दाबू नका. आधी रांग उघडून बघा. नाहीतर प्रिंटर सुरू झाल्यावर पाच प्रती निघतात.

३. अक्षरं : दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर मराठी मजकूर बिघडतो. युनिकोडमध्ये टाइप करा, पीडीएफ करताना फॉन्ट आत बसवा आणि तीच छापा.

"सगळ्यांना खुला केला तर कागद-शाई उडेल," असं कुणी म्हणेल. शंका रास्त आहे. त्यासाठी नोंदवही ठेवा, ट्रेमध्ये कुणाचं गुणपत्रक पडून राहू देऊ नका. पण दाखला खरा ठरतो तो मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याने. तो अधिकार त्यांच्याकडेच राहतो. छपाई मात्र कुणाही शिक्षकाला करता आली पाहिजे.

पालकहो, शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत एवढंच विचारा : आपला प्रिंटर किती संगणकांवरून चालतो? उत्तर 'एक' आलं, तर काम तिथूनच सुरू करूया.