वारा पडल्यावर

सार्वजनिक संस्थांचे वार्षिक अहवाल पहिल्या पानापासून ताळेबंदाच्या शेवटच्या रकान्यापर्यंत वाचण्याचा माझा शिरस्ता या सदराच्या वाचकांना परिचित आहे, आणि अहवालांच्या भाषेविषयी मी येथे पूर्वीही तक्रार केलेली आहे. तरीसुद्धा या आठवड्यात एका ग्रंथसंग्रहालयाच्या अहवालातील एका वाक्याने मला जो उद्वेग आला, तो लिहून काढल्यावाचून शमणार नाही. वर्षभरात नवी पुस्तके आली नाहीत, जुन्यांची बांधणी झाली नाही, वाचनकक्षाचे गळणारे छप्पर गळतच राहिले, आणि या साऱ्याची सबब म्हणून कार्यकारी मंडळाने असे नमूद केले आहे की, संस्थेचे तारू सध्या वारा पडल्यामुळे भर समुद्रात थबकले असून सभासदांनी अनुकूल वाऱ्याची धीराने प्रतीक्षा करावी. सभेत हे वाक्य वाचले गेले तेव्हा त्यावर एकही प्रश्न विचारला गेला नाही. उपमा इतकी भारदस्त होती की छपराचा विषय तिच्याखाली झाकून गेला.

वारा पडलेल्या जहाजाचे रूपक मला प्रिय आहे, म्हणूनच त्याचा असा गैरवापर मला सहन होत नाही. जहाज थांबले की त्यावरची माणसेही थांबतात, ही समजूत किनाऱ्यावर बसलेल्यांची आहे. निर्वात स्थितीची थोरवी आपल्या परंपरेने गायिली आहे हे खरे. गीतेने योग्याच्या संयमित चित्ताला वारा न लागणाऱ्या जागीच्या दिव्याची उपमा दिली आहे, आणि त्या दिव्याने हलू नये यातच त्याची सिद्धी आहे. परंतु दिवा आपल्या जागीच पूर्ण असतो. जहाजाला दुसऱ्या तीरावर माणसे आणि माल उतरवावयाचा असतो. ज्याने स्वतःस जहाज म्हणवून घेतले, त्याला दिव्याची विश्रांती मागण्याचा अधिकार राहत नाही.

भूगोल थोडक्यात सांगतो. विषुववृत्ताच्या आसपास, जेथे ईशान्य आणि आग्नेय व्यापारी वारे एकमेकांस भेटतात, तेथे तापलेली हवा आडवी वाहण्याऐवजी वर चढते. त्यामुळे पाण्यावर वारा मंदावतो, आकाशात ढगांचे डोंगर उभे राहतात, मध्येच एखादी वावटळ व धुवाधार सर येऊन जाते, आणि पुन्हा शिडे लोंबकळू लागतात. हाच विषुववृत्तीय शांत पट्टा. दोन्ही गोलार्धांत सुमारे ३० अंशांवर तीच हवा खाली उतरते, तेथे दुसरे शांत पट्टे आहेत. आपल्या अरबी समुद्रात मात्र शांततेला स्थळापेक्षा काळाचे बंधन अधिक आहे: नैर्ऋत्येचा मोसमी वारा ओसरल्यानंतर ईशान्येचा वारा स्थिरावेपर्यंत मध्ये काही आठवडे असे जातात की, वाऱ्याने कोणत्या दिशेचा पक्ष घ्यावा हे ठरलेलेच नसते.

या आठवड्यांची किंमत वास्को द गामाच्या माणसांनी मोजली. येताना त्याने आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मालिंदीच्या राजाकडून एक जाणकार वाटाड्या मिळविला होता. १४९८ च्या २४ एप्रिलला तो तेथून निघाला आणि मोसमी वाऱ्याच्या पाठबळावर सुमारे २३ दिवसांत त्याला मलबारचा किनारा दिसला. परतताना, कालिकतचा राजा सामुतिरी याच्याशी बिनसल्यानंतर, तो कारवारसमोरच्या अंजदीव बेटावर आला, तेथे जहाजांची डागडुजी केली, पाणी भरून घेतले, आणि मोसम पालटण्याची वाट न पाहता ५ ऑक्टोबरला समुद्रात घुसला. जो समुद्र त्याने २३ दिवसांत ओलांडला होता, तोच ओलांडावयास आता जवळजवळ तीन महिने लागले. त्याच्या ताफ्यातील एका अनाम सहप्रवाशाची रोजनिशी उपलब्ध आहे. तीत वारंवार पडणारा वारा, उलटे वारे, आणि त्यांच्या पाठोपाठ आलेला स्कर्व्हीचा रोग यांची हकीकत आहे. हिरड्या सुजून दातांवर चढत, पाय फुगत, आणि माणूस काही खाऊ शकेनासा होई. ताज्या अन्नातील क जीवनसत्त्वाच्या अभावी हा रोग होतो हे ज्ञान त्या काळी कोणास नव्हते. त्या एका पल्ल्यात तीस माणसे मेली, आणि प्रत्येक जहाजावर काम करू शकतील असे सातआठ जण उरले.

त्या रोजनिशीतील एक गोष्ट मला विशेष विचारणीय वाटते. संतांना नवस बोलून झाले, आणि अखेरीस कप्तानांनी एकत्र बसून असे ठरविले की, वारा अनुकूल झाला तर हिंदुस्थानाकडे परत फिरावे. ज्या किनाऱ्यावरून घाईने काढता पाय घेतला, तोच किनारा समुद्राच्या मध्यावर त्यांना आश्रयस्थान वाटू लागला. पुढे वारा आला, १४९९ च्या जानेवारीत ते मालिंदीस पोहोचले, परंतु तीन जहाजे चालविण्याइतके हात उरले नव्हते म्हणून ‘सांव राफाएल’ हे जहाज थोड्याच दिवसांत त्यांनी स्वहस्ते जाळून टाकले. या किनाऱ्यांवरील व्यापारी आणि नाखवे शतकानुशतके हाच समुद्र ओलांडीत आले होते, आणि निघण्याची वेळ त्यांना वाडवडिलांपासून ठाऊक होती. गामाच्या तीस माणसांचा घास वाऱ्याने घेतला असे इतिहासात लिहिता येईल. पण मोसमाची चौकशी केली असती तर त्यांतील बरेच जण वाचले असते, असे मी निःशंकपणे म्हणतो. प्रतीक्षा करावयाचीच होती तर ती अंजदीवच्या गोड्या पाण्याजवळ करता आली असती.

वारा पडल्यावर माणसांनी काय करावे, याचा मला ठाऊक असलेला सर्वांत उज्ज्वल दाखला अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या युद्धनौकेचा आहे. १८१२ च्या जुलै महिन्यात, न्यू जर्सीच्या किनाऱ्यालगत, तिच्या मागे पाच इंग्रजी युद्धनौकांचा ताफा लागला आणि ऐन पाठलागात वारा पडला. कप्तान आयझॅक हल याने प्रथम होड्या उतरवून जहाज ओढविले. नंतर समुद्राची खोली फार नाही असे आढळल्यावर, लेफ्टनंट चार्ल्स मॉरिस याच्या सूचनेवरून एक नांगर होडीत घालून दोराच्या टोकाशी पुढे नेऊन पाण्यात सोडावा, जहाजावरच्या माणसांनी तो दोर खेचून अख्खे जहाज नांगरापर्यंत आणावे, आणि तोवर दुसरा नांगर पुढे गेलेला असावा, असा क्रम सुरू झाला. शिडांवर बादल्यांनी पाणी ओतीत राहिले, कारण भिजलेल्या कापडाची छिद्रे मिटतात आणि पुसटशी झुळूकही त्यात अडकते. जहाज हलके व्हावे म्हणून पिण्याचे सुमारे २३०० गॅलन पाणी समुद्रात सोडून दिले. इंग्रजांनीही होड्या जोडल्या, तेच उपाय केले. तरी ५७ तासांनंतर कॉन्स्टिट्यूशन त्यांच्या हातून निसटली. पुढच्याच महिन्यात, १९ ऑगस्टला, तिने पाठलाग करणाऱ्यांपैकीच ‘गेरिएर’ या युद्धनौकेचा पराभव केला, आणि ती जहाजरूपाने आजही बॉस्टनच्या बंदरात आहे. त्या ५७ तासांत कप्तानाने खलाशांस धीर धरण्याचा उपदेश केला असता, तर तिचे नाव आज शत्रूच्या दप्तरात शोधावे लागले असते.

परंतु इतक्या दूर जाण्याचे वस्तुतः कारण नाही. वारा पडणे ही ज्याच्या दृष्टीने संधी होती असे आरमार आपल्याच किनाऱ्यावर नांदून गेले. ते सरखेल कान्होजी आंग्रे यांचे आरमार. कान्होजी १७२९ मध्ये निवर्तले. त्यांच्या घराण्याच्या आरमाराची युद्धरीती रॉबर्ट ओर्म या इंग्रज इतिहासकाराने १७६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बारकाईने नोंदविली आहे, आणि ओर्म त्यांचा मित्र नव्हता, म्हणून त्याची साक्ष अधिक मोलाची. आठदहा गुराबा आणि चाळीसपन्नास गलबते असा तो ताफा. गुराब मोठी, उथळ पाण्यात चालणारी, पुढच्या टोकाशी तोफा असलेली. गलबत लहान, पण त्याला चाळीसपन्नास भक्कम वल्ही. वारा असेल तर सारी शिडांवर धावत. वारा पडला की गलबते वल्हवीत गुराबांना ओढून नेत. परदेशी जहाजाच्या तोफा त्याच्या दोन्ही कुशींना असत, आणि वाऱ्यावाचून त्याला अंग वळविता येत नसे. म्हणून हा ताफा त्याच्या पिछाडीला जमे, गुराबा दुरून त्याच्या डोलकाठ्यांवर मारा करीत, आणि अखेरीस गलबतांतील माणसे चहूबाजूंनी त्यावर चढत. तोफांचे बळ ज्याच्याकडे अधिक, तो वाऱ्याच्या आधीन. आणि ज्याच्याकडे वल्ही, तो स्वतंत्र.

कान्होजींवर व्याख्याने होतात, त्यांच्या दुर्गांचे, दस्तकांचे, इंग्रज व पोर्तुगीज यांच्याशी झालेल्या झुंजींचे वर्णन होते, आणि ते सर्व योग्यच आहे. पण उन्हाने वितळणाऱ्या निश्चल समुद्रावर तोफांच्या माऱ्यात वल्ही मारणाऱ्या कोळी-भंडारी खलाशांच्या मेहनतीला त्यात एखादे वाक्यसुद्धा मिळत नाही, याचे मला अनेक वर्षे वाईट वाटत आले आहे. या लोकांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, कारण त्यांचा हिशेब ठेवणे कोणास अगत्याचे वाटले नाही. त्यांचे काम मात्र शत्रूच्या इतिहासकाराने लिहून ठेविले. आरमाराचा इतिहास शिकविणाऱ्यांनी, आणि किनाऱ्यावरील संग्रहालये मांडणाऱ्यांनी, तोफेच्या शेजारी एक वल्हे ठेवावे, आणि त्याखाली चार ओळींत वारा पडल्यावर त्याने काय केले ते लिहावे. त्या चार ओळी ज्या मुलांच्या वाचनात येतील, ती मोठेपणी संस्था चालवितील तेव्हा त्यांच्या अहवालांत वाऱ्याची सबब क्वचितच आढळेल, असा माझा विश्वास आहे.