ताट आपलं, पंगत सगळ्यांची

परवा ताईकडे गेले तर हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. भाचा एम.एस.साठी जर्मनीला निघालाय, आणि तेही नेमका स्टुटगार्टला, जिथे मी २००६ ते २००८ अशी दोन वर्षं काढली. बॅगेला मर्यादा २३ किलोची. त्यातले निम्मे किलो मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, शेंगदाण्याची चटणी आणि कुळथाचं पीठ! ताई वजनकाट्यावर बॅग चढवत-उतरवत होती आणि चिरंजीव मला म्हणाले, "मावशी, एका फ्लॅटमध्ये आम्ही पाचही जण मराठीच आहोत. स्वयंपाकाच्या पाळ्यासुद्धा लावून झाल्यात. तिकडचं काही खायची वेळच येणार नाही!"

केवढ्या आनंदाने सांगत होता. मला मात्र कुठेतरी टोचलं. तिथे काही बोलले नाही, पण तो अधूनमधून इथे डोकावतो, म्हणून लिहूनच काढतेय.

आधी कबुली देते. मी त्याच्यापेक्षा वाईट होते. आमचं घर माळकऱ्यांचं. आजोबांच्या गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी वारी. अंडंसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलं नाही. मी निघाले तेव्हा आजीला एकच काळजी, "पोरगी तिथं खाणार काय?" आणि मी ठरवूनच टाकलं होतं की काही खायचंच नाही. विद्यापीठाच्या मेन्झात (म्हणजे आपली मेस हो) उकडलेले बटाटे आणि पाला, रात्री खोलीवर खिचडी. शनिवार-रविवारी आम्ही देशी मंडळी जमायचो, आमटी-भात करायचो आणि जर्मन लोकांना जेवणातलं काही कळत नाही यावर आमचं एकमत व्हायचं. रात्री पाव, चीज आणि काकडीचं लोणचं असं गार जेवण! आम्हाला ते दारिद्र्याचं लक्षण वाटायचं. त्यांच्याकडे गरम, मुख्य जेवण दुपारी होतं आणि रात्री हलकं खायची जुनी पद्धत आहे, एवढी साधी गोष्ट विचारावीशी आमच्यापैकी कोणालाही वाटली नाही.

माझी खोली एका आजींच्या घरात होती. सत्तरीच्या, एकट्या. त्यांनी एका शनिवारी दुपारी जेवायला बोलावलं. मी आधीच सांगितलं, मी मांस खात नाही. त्या म्हणाल्या, काळजी करू नकोस, बटाट्याचं सॅलड करते. त्या भागाला श्वाबेन म्हणतात आणि तिथलं बटाट्याचं सॅलड प्रसिद्ध आहे. त्यात मेयॉनीज नसतं. उकडलेल्या बटाट्याच्या पातळ चकत्या, कांदा, व्हिनेगर, तेल, मोहरी. मला मनापासून आवडलं. दोनदा घेतलं. मग उत्साहाने कृती विचारली, आणि आजींनी तितक्याच उत्साहाने सांगितलं की खरी गंमत गरम ब्र्यूऽमध्ये आहे, बटाटे ते पिऊन घेतात. ब्र्यूऽ म्हणजे काय? तर मांसाच्या हाडांचं उकळलेलं पाणी.

मी वर खोलीत आले आणि रडले. फसवल्यासारखं वाटलं. त्यानंतर जवळजवळ दोन महिने आजी दिसल्या की मी घाईत असायचे. त्यांनी दोनदा बोलावलं, दोन्ही वेळा "माझं जेवण झालंय" असं खोटं सांगितलं. दुसऱ्या वेळी त्यांचा चेहरा पडलेला मला दिसला होता, तरी मी जिना चढून गेले.

शेवटी राहवेना, म्हणून फोन कार्डावर घरी फोन लावला आणि आजोबांना सगळं सांगितलं. मला वाटलं, आता काहीतरी प्रायश्चित्त सांगतील. ते म्हणाले, "तुला ठाऊक नव्हतं ना? मग झालं. आणि त्या बाईनं तुला जेवायला बोलावलं होतं, बाटवायला नव्हे. तू त्यांना नीट सांगितलंस का काय चालतं, काय नाही ते?"

नव्हतं सांगितलं. "मांस नको" एवढंच म्हटलं होतं. त्यांच्या लेखी मांस म्हणजे दिसणारा तुकडा. आपल्याकडे नाही का, "कांदा-लसूण खात नाही" म्हणणाऱ्या पाहुण्याला आपण "अहो, फोडणीत नावापुरता आहे" असं सांगतो? तसंच ते.

मग एके दिवशी मी दार वाजवलं आणि मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सगळी यादीच सांगितली. मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, हाडांचं पाणी नाही. घरात असं का पाळतात, तेही सांगितलं. आजी गप्प झाल्या, त्यांनी माझा हात धरला आणि त्या माझीच माफी मागायला लागल्या. मला कानकोंडं झालं.

पुढच्या शनिवारी त्यांनी केलं होतं ते 'लिन्झन मिट श्पेट्झले'. श्वाबेनच्या घराघरातलं जेवण. लिन्झन म्हणजे अख्खा मसूर, त्याची दाटसर उसळ, गाजर-कांदा घालून आणि वरून व्हिनेगर. सोबत श्पेट्झले म्हणजे अंड्याच्या पिठाच्या जाड्या, वेड्यावाकड्या शेवया. एरवी त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे आणि वर सॉसेज असतं. माझ्यासाठी त्यांनी वेगळं पातेलं चढवलं होतं. श्पेट्झले मी घेतले नाहीत, पाव घेतला. पहिला घास तोंडात गेला आणि मला कराड-सांगलीकडचा धाबा आठवला! तिखट नाही, मसाला नाही, आमसुलाच्या जागी व्हिनेगर, पण मसूर तो मसूरच.

आजी म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी श्वाबेनच्या डोंगराळ पठारावर, त्या आल्ब म्हणतात तिथे, मसुराची शेतं असायची. त्यांच्या बोलीत मसुराला 'लाइसा' म्हणतात. जमीन खडकाळ आणि पाण्याला न थांबणारी, म्हणून तिथे मसूर यायचा. झाड लोळतं, म्हणून आधाराला सोबत बार्ली किंवा ओट पेरायचे. कष्ट फार, उतारा कमी, त्यामुळे १९६०च्या सुमारास ती शेती संपली आणि जुनं बियाणंही गेलं. १९८५ साली तिथल्या एका शेतकऱ्याने परदेशी वाणावर पुन्हा सुरुवात केली. आणि हरवलेलं आल्बचं बियाणं शेवटी कुठे सापडलं? रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव्ह संस्थेच्या बियाणे-संग्रहात, २००६ साली. म्हणजे मी तिथे गेले त्याच वर्षी! आता तो मसूर पुन्हा तिकडे पिकतो. हा बियाण्याचा भाग मी नंतर वाचला, पण आजींनी तो विषय काढलाच नसता तर मी तो वाचलाही नसता.

पुढे एकदा मी त्यांना आपल्या पद्धतीचा अख्खा मसूर करून घातला. पहिल्या घासाला ठसका, मग पाणी, मग "फार तिखट!" असं स्पष्ट निदान. त्यांनी त्यात अर्धी वाटी दही ओतलं आणि संपवलं. नको ते सांगितलं, हवं ते जेवल्या. मी दोन महिन्यांपूर्वी हेच करायला हवं होतं.

तर सांगायचा मुद्दा हा. परदेशी खाण्याबद्दल आपल्याकडे दोन टोकं दिसतात. एक आमच्यासारखे, डबा बंद करून बसणारे. दुसरे 'हे खाल्लं, तेही खाल्लं' अशी यादी करत फिरणारे, ज्यांना न खाणारा प्रत्येक जण मागासलेला वाटतो. मला दोन्ही पटत नाही. काय खायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी आजही मांस खात नाही आणि त्याची लाजही वाटत नाही. पण आपल्या पानात काय वाढून घ्यायचं हे ठरवणं वेगळं आणि पंगतीतून उठून जाणं वेगळं. मी दोन महिने पंगतच मोडली होती, आणि त्याला नाव मात्र नियमाचं दिलं होतं.

भाच्याच्या पिढीला तर हे आणखी सोपं झालंय. २०२२-२३ पासून जर्मनीत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये भारतीय सगळ्यात जास्त आहेत. दोन वर्षं कोणाच्याही टेबलावर न बसता आरामात निघून जातील. पदवी मिळेल, नोकरीही मिळेल. पण मग राहिला कुठे होतास, असं विचारलं तर काय सांगणार? कोथरूडमध्येच, फक्त थंडी जास्त होती? :)

तेव्हा बाळा, बॅगेतून काहीही काढू नकोस. मेतकूट ने, भाजणी ने. आजारी पडलास की तेच कामाला येईल. पण पाळ्या लावल्यात ना, त्यात शनिवारची दुपार मोकळी ठेव. कोणी बोलावलं तर जा. आधी ब्र्यूऽ कशाचं ते विचार, नको ते नको म्हण आणि मग बस जेवायला.

आणि हो, अर्धा किलो अख्खा मसूर मी वेगळा बांधून दिलाय. तो तुम्हा पाच जणांसाठी नाहीये.